शेटेबाई परीक्षेला बसल्या

शेटेबाईंना टाइपरायटरच्या आवाजावरून माणूस ओळखू यायचा. बीडच्या सुभाष रोडमागं एका बोळात आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. एकच लांबट खोली, तीत सोळा मशिनं. बाई दाराशी, वर्गाकडं पाठ करून बसायच्या आणि कोर्टाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करत असायच्या. मागं सगळी मशिनं एकाच वेळी खडखडत असताना त्या मान न वळवता म्हणायच्या, "चौथ्या मशिनीवर कोण हाय? करंगळी झोपलीय तुमची." चौथ्या मशिनीवरचा उमेदवार दचकून सरळ व्हायचा. त्याला वाटायचं, बाईंच्या पाठीला डोळे आहेत. डोळ्यांचा काही संबंध नव्हता. करंगळी ढिली पडली की अक्षर हलकं आपटतं, आणि त्या आपटण्यातला फरक बाईंच्या कानाला कळायचा.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसायचे. त्या इंग्रजी टायपिंग शिकवायच्या, मी मराठी. वयात सतरा-अठरा वर्षांचं अंतर. त्या मला सुनंदे म्हणायच्या, मी त्यांना बाई. आठ वर्षं आम्ही एका वर्तमानपत्रावर डबे मांडून जेवलो. भाकरी त्यांची, भाजी माझी. भाजी चिरण्यात गेलेला वेळ त्यांना वाया गेल्यासारखा वाटायचा. शेंगदाण्याची चटणी असली की त्यांचं जेवण पुरं व्हायचं.

बाई मूळच्या घाटनांदूरच्या, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या. बुटक्या, अंगानं किरकोळ, कपाळाला विभूतीची बारीक रेघ आणि खाली कुंकू. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. इंग्रजी बोलता यायचं नाही, पण इंग्रजी शब्दातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं तरी त्यांना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाटीवर चुकीचं स्पेलिंग दिसलं की त्या पायरी चढून आत जायच्या. मालकाला वाटायचं, गिऱ्हाईक आलं. बाई सांगायच्या, तुमच्या 'रेस्टॉरंट'मध्ये एक यू कमी आहे, आणि तशाच परत फिरायच्या. कारंज्याजवळच्या एका हॉटेलवाल्यानं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं, दुसऱ्यांदा तो वैतागला, तिसऱ्यांदा बाई दिसताच त्यानं पेंटरला बोलावून यू घालून घेतला. पुढं पुढं गावातले पेंटरच नवी पाटी रंगवण्याआधी चिटोरा घेऊन बाईंकडं येऊ लागले.

एकदा एका वकिलानं त्यांना गमतीनं विचारलं की बाई, एवढं बिनचूक टाइप करता, त्यातलं कळतं किती? बाई म्हणाल्या, "अर्थ वकिलाचा, अक्षर माझं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. या अभिमानानं त्यांना पुढं एकदा चांगलंच पाडलं, ते ओघात येईलच.

त्यांचे यजमान शिवलिंगअप्पा बीडच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. सगळं गाव त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणायचं. बाईही 'आमचे कंट्रोलर' असंच म्हणायच्या. अत्यंत कमी बोलणारा माणूस. दिवसभर लाउडस्पीकरवर गाड्या सांगून सांगून त्यांची बोलण्याची हौस फिटत असावी. घरी आले की ते चहा ठेवायचे आणि बाईंसमोर कप ठेवून पेपर वाचायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल बाई कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

ते दिवसच असे होते की दर दोन-चार महिन्यांनी बीडात काहीतरी नवीन यायचं. आधी एसटीडीचे पिवळे बूथ आले, मग केबल टीव्ही, मग परदेशी शीतपेयाच्या बाटल्या, आणि मग कॉम्प्युटर क्लास. एका वर्षात आमच्या सोळा मशिनांपैकी नऊ मशिनांवर झाकणं पडली, ती उघडायचं कारण उरलं नाही. आमचे मालक काशिनाथराव सज्जन गृहस्थ. त्यांनी कुठूनतरी दोन जुने कॉम्प्युटर आणून कोपऱ्यात मांडले आणि त्यांच्याकडं पाहुण्यांकडं पाहावं तसं लांबूनच पाहू लागले. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यावरचं कापड काढलं, बटणांच्या पाटीवर बोटं ठेवून बघितली आणि म्हणाल्या, "अक्षरं जिथल्या तिथंच हायेत. नुस्ता कागद काचंचा झालाय."

पंधरा दिवसांत त्या त्यावर पत्रं लिहायला लागल्या. काशिनाथरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण ती सुटका फार दिवस टिकली नाही. दसऱ्यानंतर एका मोठ्या शहरातल्या कॉम्प्युटर कंपनीचा माणूस आला. त्यांना बीडात एक केंद्र काढायचं होतं. आमची जागा त्याला आवडली, पण त्याची एक अट होती. इन्स्टिट्यूटमधला निदान एक शिक्षक नेटवर्कची परदेशी परीक्षा पास झालेला हवा. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे कसे, त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, आणि बोलायचे थांबले तर बिघाड शोधायचा कसा, यावरची ती परीक्षा. प्रश्न सगळे इंग्रजीत, पेपर कॉम्प्युटरवर, केंद्र पुण्याला. इंजिनिअर झालेली मुलंही पहिल्या खेपेला नापास होतात, असं त्यानं सांगितलं. गुढीपाडव्यापर्यंत असा शिक्षक दाखवा, नाहीतर केंद्र दुसऱ्या क्लासला जाईल.

काशिनाथराव हिशेबी स्वरात म्हणाले की तसं असेल तर मला जागा भाड्यानंच द्यावी लागेल. एक खतांचा दुकानदार मागं लागलेलाच होता. म्हणजे बाई घरी आणि मीही घरी.

मग बाई म्हणाल्या, "मी बसते."

कंपनीचा माणूस घाईनं उठला आणि आपली खुर्ची पुढं करून म्हणाला, "बसा ना बाई, बसा."

"खुर्चीवर न्हाई," बाई म्हणाल्या. "परीक्षेला."

तो हसला. वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच विनोद वाटला. जाताना काशिनाथरावांना तो हळूच म्हणाला की मॅडमना टायपिंगलाच राहू द्या, त्यांना त्रास होईल. पण बाईंचे कान कसे होते ते मी वर सांगितलंच आहे. तो बोळाच्या टोकाला पोचायच्या आत बाईंनी मशीनमध्ये कागद घालून वर लिहिलं, 'अभ्यास'.

अभ्यास करायचा तर पुस्तक हवं. ते बीडच्या कुठल्याच दुकानात नव्हतं. पण त्याच दिवाळीत वैशाली नावाची आमची एक जुनी विद्यार्थिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला होती. बाई डिंकाचे लाडू घेऊन तिला बघायला गेल्या आणि येताना विटेएवढं जाड पुस्तक घेऊन आल्या. संक्रांत झाली की वैशाली ते पुस्तक आणि बाळ घेऊन पुण्याला परत जाणार होती.

मी म्हटलं, झेरॉक्स काढून घेऊ. बाईंनी मान हलवली. "झेरॉक्स काढली की पुस्तक कपाटात जातं. टाइप केलं की बोटांत जातं."

आणि त्यांनी ते पुस्तक टाइप करायला घेतलं. दुपारी एक ते तीन इन्स्टिट्यूट बंद असायची. त्या दोन तासांत बाई दार लोटून घ्यायच्या आणि बसायच्या. मी पानं उलटून धरायचे. आकृत्या आल्या की मी त्या कार्बन पेपर लावून पेन्सिलीनं काढायचे. डिसेंबरात कागदांची चळत गुडघ्याएवढी झाली. कंट्रोलरसाहेबांनी ती रंगीत सुतळीनं बांधून तिच्या आठ वह्या केल्या आणि प्रत्येकीवर नंबर टाकले. गाड्यांच्या वेळापत्रकावर असतात तसे, ठळक आणि तिरपे.

वाचलेलं करून बघायचं तर आमच्याकडं दोनच कॉम्प्युटर. ते जोडायला तार हवी होती. ती बोळातल्या केबलवाल्यानं फुकट दिली. टीव्हीला लावतात तीच, काळी, गुळगुळीत. तो म्हणाला, तार ती तार. बाईंनी पुस्तकात होतं तसं सगळं जोडलं. कॉम्प्युटर कधी एकमेकांना ओळखायचे, कधी ओळख विसरायचे. सकाळी बोलले तर दुपारी गप्प. काशिनाथरावांनी निकाल दिला की जुना माल आहे, असंच चालायचं. बाई मात्र अकरा दिवस रोज सगळं सोडवून पुन्हा जोडत राहिल्या. चिडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की यंत्र रुसत नसतं, रुसतो तो माणूस.

बाराव्या दिवशी सवयीनं त्या रॉकेलच्या फडक्यानं ती तार पुसत होत्या. टाइपरायटर पुसतात तशी, टोकापासून टोकापर्यंत. त्यांच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. तारेवर अगदी बारीक अक्षरं उमटवलेली होती. त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, त्यात पंच्याहत्तर ओहम असा आकडा होता. बाईंनी तिसऱ्या नंबरची वही काढली, पान शोधलं आणि बोट ठेवलं. तिथं पन्नास होतं. टीव्हीची तार वेगळी आणि कॉम्प्युटरची वेगळी. दोघी दिसायला जुळ्या बहिणी, पण आतला स्वभाव निराळा.

खरी तार वैशालीच्या नवऱ्यानं पुण्याहून पाठवली. कंट्रोलरसाहेबांच्या ओळखीच्या कंडक्टरनं ती पिशवीत घालून आणली. ती लावल्यावर बाईंनी मला एका कॉम्प्युटरसमोर बसवलं, स्वतः दुसऱ्यासमोर पाठमोऱ्या बसल्या. माझ्या काचेवर एकेक इंग्रजी अक्षर उमटत गेलं. जुळवून वाचलं तर लिहिलं होतं, 'सुनंदे, जेवलीस का'. आम्ही दोघी तासाभरापूर्वी एकत्रच जेवलो होतो. तरीही मी उत्तर लिहिलं, 'हो, तुम्ही?' मागून बाईंचं हसणं ऐकू आलं. एवढ्या वर्षांत त्यांना इतक्या मोकळ्या हसताना मी ऐकलं नव्हतं.

संक्रांतीनंतर बाई पुण्याला पहिल्यांदा पेपर द्यायला गेल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या. सकाळची बॅच भरलेली होती. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत आपले मार्क लिहिले. खाली पास व्हायला लागणारे मार्क लिहिले. मग किती कमी पडले, त्याची वजाबाकी केली. वर्गाला म्हणाल्या, तुमचे मार्क मी दरवेळी फळ्यावर लिहिते, म्हणून माझे पण लिहिले. आता मशिनं सुरू करा. कुणी हसलं नाही. त्या दिवशी वर्गात टायपिंग इतकं चांगलं झालं की मला त्याचं आश्चर्य वाटलं.

दुपारी भाकरी मोडताना त्या म्हणाल्या, "सुनंदे, प्रश्न लई लांब असतेत. एकेक गोष्टच असते, अमक्या कंपनीची तीन ऑफिसं, तमक्याला हे पायजे, फलाण्याचं ते बिघडलंय. प्रश्न सरला तरी मला कळंना, इचारलंय काय. मी पुस्तक बोटांनी वाचलंय. डोक्यानं न्हाई वाचलं."

अर्थ वकिलाचा, अक्षर माझं, हे वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. बाईंनी वह्यांना हात लावला नाही. नुसते कोर्टाचे कागद टाइप करत राहिल्या. त्यातच एके दिवशी तो खतवाला टेप घेऊन खोली मोजायला आला. कोपऱ्यापासून मोजत मोजत तो बाईंच्या टेबलापाशी पोचला आणि अवघडून थांबला. बाई उठल्या, टेबल स्वतःच थोडं सरकवून दिलं आणि टेपचं टोक भिंतीला नीट लागावं म्हणून धरूनही ठेवलं.

त्या रविवारी कंट्रोलरसाहेबांची ड्यूटी होती. बाई डबा द्यायला बसस्टँडवर गेल्या, आणि मला सोबत नेलं. चौकशीच्या केबिनमध्ये एका स्टुलावर त्या बसल्या, मी दाराशी उभी राहिले. खिडकीवर एक म्हातारा आला. त्यानं सांगायला सुरुवात केली. त्याच्या नातीचं बारसं होतं. लेकीची सासू फार कडक. जावई न्यायला येणार होता, पण त्याचा बैल आजारी पडला. बाळंतविडा बीडातून घेतला, त्यातलं लुगडं दुकानदारानं चुकीच्या रंगाचं बांधलं, म्हणून परत जावं लागलं, त्यात सकाळची गाडी चुकली. मागं रांग वाढत होती. कंट्रोलरसाहेब शांतपणे ऐकत होते. म्हाताऱ्यानं दम घेतला तसे ते म्हणाले, "परळीची गाडी, पाच नंबर, सव्वाअकरा. परळीत उतरून धर्मापुरीची धरा." म्हातारा समाधानानं गेला.

म्हातारा धर्मापुरीचं नाव केव्हा बोलला, ते मला आठवेना. बाईंनाही आठवत नव्हतं. त्यांनी यजमानांना विचारलं की एवढ्या पाल्हाळातून तुम्ही नेमकं काढता कसं?

कंट्रोलरसाहेबांनी डब्याचं झाकण उघडलं. "माणूस उभा कुठं हाय आन् त्याला जायचं कुठं हाय, मी एवढंच ऐकतो. बाकीचं त्याचं मन मोकळं होण्यासाठी असतंय."

बाई त्या स्टुलावर चार वाजेपर्यंत बसून होत्या. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाचं बोलणं ऐकायचं आणि कंट्रोलरसाहेबांच्या आधी मनात उत्तर काढायचं. सुरुवातीला चुकल्या. शेवटी शेवटी त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटायच्या आणि मागोमाग कंट्रोलरसाहेबांच्या तोंडून तेच यायचं. निघताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. रस्ताभर त्या भराभर चालत होत्या.

सोमवारपासून वह्या परत निघाल्या. आता टायपिंग बंद. सरावाचा प्रश्न समोर घ्यायचा, माणूस उभा कुठं आहे तिथं पेन्सिलीनं टिंब, जायचं कुठं आहे त्याखाली रेघ, बाकीच्या मजकुरावर पोस्टकार्ड झाकून ठेवायचं. मग तो प्रश्न मला मराठीत सांगायचा. मला कळला तरच तो त्यांना कळला, असा नियम होता. मला नेटवर्कमधलं ओ की ठो येत नव्हतं, त्यामुळं परीक्षक म्हणून मी फार कडक होते. एकेका प्रश्नावर आमची भांडणं व्हायची. एकदा मी म्हटलं, बाई, हे मला नाही पटलं. त्या म्हणाल्या, कावून न्हाई पटलं ते सांग. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, बरोबर हाय तुझं, मीच चुकले. सतरा वर्षांनी मोठ्या बाईनं इतक्या सरळपणे चूक कबूल करावी, याची मला सवय नव्हती. मला दोन दिवस उगीचच उंच झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच परीक्षेचा पेपर पुन्हा द्यायचा दिवस पाडव्याच्या आठ दिवस आधी होता. त्या दिवशी काशिनाथराव दहा वाजल्यापासून फोनशेजारी बसून होते. खतवालाही आला होता, बरोबर सुताराला घेऊन. फळ्या कुठं ठोकायच्या, ते तो त्याला हळू आवाजात दाखवत होता. बाराला फोन वाजला. काशिनाथरावांनी रिसीव्हर उचलला आणि तसाच माझ्याकडं दिला.

पलीकडं पुण्याच्या रस्त्याचा गलका होता. त्यातून बाईंचा आवाज आला, रोजचाच, कोरडा. "सुनंदे, त्या खतवाल्याला म्हणावं, दुसरी जागा बघा."

आणि फोन ठेवला. मार्क किती ते सांगितलंच नाही. मी वाक्य जसंच्या तसं मोठ्यानं म्हटलं. काशिनाथराव उठले, टोपी घातली, पुन्हा काढली आणि खाली बसले. सुतार सगळ्यांकडं बघत राहिला. खतवाला भला माणूस. त्याला दोन मिनिटं लागली, पण कळल्यावर तोच बाहेर जाऊन पेढे घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंची गाडी यायची होती. मी, काशिनाथराव आणि दोन्ही बॅचचे विद्यार्थी बसस्टँडवर गेलो. कंट्रोलरसाहेब खिडकीत होते. आम्हाला बघून त्यांनी फक्त मान हलवली. नेहमीसारखा लाउडस्पीकर खरखरला. "पुण्याहून येणारी बीड गाडी फलाट नंबर दोनवर लागत आहे." मग थोडी खरखर झाली. आणि त्याच सपाट आवाजात, एक सूरही वर न नेता, ते पुढं म्हणाले, "या गाडीनं सौ. गिरिजाबाई शेटे, राहणार बीड, या कॉम्प्युटरची परीक्षा पास होऊन येत आहेत. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

स्टँडवरची माणसं थांबून वर बघायला लागली. शेंगावाला थांबला. रिक्षावाले गाडीकडं आले. बाई पायरीवरून उतरल्या, तेव्हा शंभरएक अनोळखी माणसं त्यांच्याकडं कौतुकानं बघत होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाई पदर सावरत तडक खिडकीपाशी गेल्या आणि दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "हे कावून केलंत? काय म्हणतील लोकं?"

"काय येतंय ते सांगणं माझं कामच हाय," कंट्रोलरसाहेब म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

पाडव्याला केंद्र सुरू झालं. कोपऱ्यात दहा नवे कॉम्प्युटर आले. बाईंच्या हट्टामुळं चार टाइपरायटरही राहिले. घाटनांदूर, केज, गेवराई इथून मुली सकाळच्या गाडीनं यायच्या. बाई त्यांना नेटवर्क शिकवायच्या ते कंट्रोलरसाहेबांच्या भाषेत, गाडी कुठून निघाली, कुठं बदलायची, कुठं पोचली. तो कंपनीचा माणूस वर्षभरानं आला, तेव्हा त्याच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राचे दोन शिक्षक होते, दोघंही इंजिनिअर. परीक्षेत दोन-दोनदा नापास झालेले. त्यांना महिनाभर बाईंच्या हाताखाली ठेवायचं होतं. त्यानं फार नम्रपणे विनंती केली. बाईंनी मागचं काही काढलं नाही. फक्त त्या दोघांना पहिला आठवडा टाइपरायटरवर बसवलं. त्यांनी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, आधी चूक ऐकायला शिका, मग ती शोधायला शिकवते. दोघंही पुढच्या खेपेला पास झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. बाईंची पत्रं यायची, टाइप केलेली, बिनचूक. एके दिवशी फोन आला की उद्या सकाळी परीक्षेच्या केंद्रावर येते आहे, तासभर भेटून जा.

मी पोचले तेव्हा बाई बाकावर बसल्या होत्या. केस जवळजवळ पांढरे झाले होते. आजूबाजूला विशी-पंचविशीतली मुलं-मुली घाबरलेल्या चेहऱ्यानं कागद चाळत होती. यातली आपली विद्यार्थिनी कोणती, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्या आत रखवालदार आला. त्याला वाटलं, कुणाची तरी आई बरोबर आली आहे. तो म्हणाला, आजी, पालकांनी खाली थांबायचं असतं.

बाईंनी पिशवीतून ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं. पहिल्या परीक्षेच्या वरची परीक्षा होती ती. फार थोडे लोक तिच्या वाटेला जायचे. मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. सांगून आले असते तर तू काळजी करत बसली असतीस, असं त्या म्हणाल्या.

रखवालदारानं नियम सांगितले. पर्स, घड्याळ, कागद, सगळं बाहेर ठेवायचं. बाईंनी ते त्याच्याच टेबलावर काढून ठेवलं. मग त्याचं लक्ष त्यांच्या गळ्याकडं गेलं. पदराआडून इष्टलिंगाची चांदीची डबी दिसत होती. त्यानं विचारलं, यात काय आहे?

"देव हाय," बाई म्हणाल्या. "पर त्याला यातलं काही येत न्हाई. समदं मलाच सोडवायचंय."

रखवालदार हसला आणि त्यानं काचेचं दार उघडून धरलं. तो पेपरही त्या पास झाल्या, हे मला संध्याकाळी कळलं. पुढं आमचं बोलणं झालं ते फोनवरच. पुन्हा गाठ पडायचा योग आला नाही.

त्या सकाळी दारापाशी बाई क्षणभर थांबल्या. आतली फरशी चकचकीत होती, थंड हवा बाहेर येत होती. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर जोडीनं ठेवल्या. काढायची गरज नाही आजी, असं रखवालदार म्हणाला, पण तोवर त्या अनवाणी आत गेल्या होत्या. दार मिटलं. मागून बूट वाजवत एक मुलगा घाईनं आत शिरला. रखवालदारानं वाकून त्या चपला उचलल्या आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून आपल्या खुर्चीजवळ नीट ठेवल्या.